खोललंच आहे तर

आमच्या आळीत ज्याच्या घरी काही बिघडतं, तो ते तात्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून जिवापाड जपतो. नळ गळत असेल तर त्याखाली बादली लावतात, कपाटाचं दार लटकलं असेल तर खुर्ची टेकवून ठेवतात, आणि तात्या ओट्यावर येऊन टेकले की बोलणं घाईघाईने पावसापाण्याकडे वळवतात. कारण तात्या मदतीला धावतात. हात हलवत नाही, पाने-पक्कड घेऊन धावतात. एकदा त्यांनी नळ खोलला की नळ, नळामागचा पाइप, पाइपामागची भिंत आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर यांतलं काहीही संध्याकाळी जागेवर सापडत नाही.

तात्या मूर्ख नाहीत. कंजूष नाहीत. आळशी तर मुळीच नाहीत. आळशी असते तर निम्म्या गावाचं भलं झालं असतं. नारायणगावच्या अलीकडे कुकडीच्या कालव्यावर भिजणारी त्यांची बागायत आहे, उन्हाळी टोमॅटो आणि त्यानंतर कांदा ही ठरलेली पिकं आहेत, आणि माल बाजार समितीत न्यायला एमएच चौदाची एक पिकअप आहे. माणूस हिशेबी, निर्व्यसनी, वारीला जाणारा. दोष एकच. सुरू केलेलं काम कुठे थांबवायचं, हे त्यांना कळत नाही. किंवा कळतं, पण सोसवत नाही.

दाढ काढायला गेले, तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, ‘तोंड उघडलंच आहे तर बाकीच्या पण बघून घ्या.’ डॉक्टरांनी बघून घेतल्या, दोन सिमेंट भरून घेतल्या आणि तात्या खुशीत घरी आले. पुढे एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. टेबलावर आडवे झाल्यावर म्हणाले, ‘आता झोपलोच आहे तर दुसरा पण करून टाका.’ डोळ्यांचे डॉक्टर मात्र खमके. ‘तात्या, दुसरा डोळा अजून चांगला आहे,’ म्हणाले. त्यावर तात्यांचं उत्तर: ‘म्हणजे पुढं-मागं होणारच ना?’

पुढं-मागं होणारच. तात्यांच्या सगळ्या उद्योगांचं मूळ या तीन शब्दांत आहे. जगातली प्रत्येक वस्तू पुढं-मागं बिघडणार आहे, हे तुम्हीआम्हीही मानतो. पण आपण ते मानून झोपतो. तात्या उठून पाना शोधतात.

आणि खरी पंचाईत अशी की त्यांचं म्हणणं सपशेल खोटंही नाही. विशेषतः गॅरेजात. तिथे सामान स्वस्त आणि खोलणं महाग असतं. शे-दीडशे रुपयांचा एक बुश बदलायला चाक काढा, गाडी घोडीवर घ्या, गंजलेली पिन ठोकून बाहेर काढा, एवढा सगळा खटाटोप करावा लागतो. तो एका बुशासाठी केला आणि शेजारचा तसाच जुना ठेवला, तर महिन्याभराने तोच खटाटोप पुन्हा. म्हणून कुठलाही जाणता मिस्त्री एक बुश बदलत नाही, सगळे बदलतो. पिना झिजल्या असतील तर त्याही बदलतो, यू-बोल्ट ताणले असतील तर तेही. इथवर ‘खोललंच आहे तर’ हे शहाणपण आहे. मिस्त्री इथे थांबतो. तात्यांना इथे नुसता सूर सापडतो.

२०२३च्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या पिकअपच्या मागच्या बाजूने आवाज यायला लागला. खड्ड्यात चाक गेलं की ‘कट्’, वर आलं की ‘कट् कट्’. पहिल्यांदा तो फक्त तात्यांनाच ऐकू येत होता. आमच्याकडे खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड अँटेना आकाशाकडे तोंड करून दूरदूरच्या ताऱ्यांच्या रेडिओलहरी टिपत बसलेल्या आहेत. तात्यांचा कान त्याच जातीचा. फरक इतकाच, की खोडदचे शास्त्रज्ञ ऐकून टिपून ठेवतात, तारा खोलायला जात नाहीत.

पुढे आवाज सगळ्यांनाच ऐकू येऊ लागला. ब्रेक मारला की मागून धक्का बसे, आणि भरल्या गाडीने वळण घेतलं की तोंड एकीकडे आणि शेपूट क्षणभर मागे राहून दुसरीकडे. काकू एकदा माहेराहून येताना पुढच्या सीटवर बसल्या होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, ‘मी पुढं चालले होते, गाडी मागनं येत होती.’ रोगाचं इतकं नेमकं वर्णन पुढे मिस्त्रींनाही जमलं नाही.

मिस्त्री म्हणजे हायवेच्या कडेचे आमचे जुने मिस्त्री. बोलणं कमी आणि हाताखाली बारक्या नावाचा एक पोऱ्या. त्यांची एक पहार आहे, टोकाला लाल रंग फासलेली. ती दुसऱ्या कुणी उचललेली त्यांना खपत नाही. मिस्त्री गाडीखाली सरपटले, पहारीचं टोक पाट्याच्या आणि शॅकलच्या फटीत घातलं आणि नुसतं जरा दाबलं. पाटा डुगडुगला.

‘बुश गेलेत,’ मिस्त्री म्हणाले.

‘किती?’

‘सगळे.’

तात्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुलगा इंजिनिअर झाला तेव्हाही मी पाहिला नव्हता.

ज्यांनी गाडीच्या वरच्या अंगालाच नमस्कार केलेला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिकअपच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची एकेक चवड असते. सगळ्यात वरच्या, मुख्य पाट्याची दोन्ही टोकं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला पिनेने थेट जखडलेला. मागचा मात्र शॅकल नावाच्या हलत्या कडीला लटकवलेला, कारण ओझं पडलं की कमान सपाट होते, सपाट झाली की लांबते, आणि लांबलेल्या पाट्याला सरकायला जागा लागते. दोन्ही डोळ्यांत एकेक बुश, आणि शॅकल जिथे चासीला लागतं तिथे आणखी एक. एका बाजूला तीन, दोन बाजूंना सहा. बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मधे घट्ट बसवलेलं रबर. पाटा हलतो तेव्हा नळ्या एकमेकींवर घासत नाहीत; मधलं रबर पीळ खातं आणि सुटतं. गाडी रस्त्यावर जे काही सोसते ते सहा ठिकाणी हे बोटभर रबर सोसत असतं. चिखल, ऊन, गळकं डिझेल आणि कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जरा जास्तच भरलेले क्रेट यांनी ते एक दिवस भेगाळतं, मग चुरा होऊन पडतं, आणि लोखंड लोखंडावर आपटायला लागतं. तोच तो ‘कट्’.

गाडी घोडीवर चढली. पुढच्या चाकांना दगड लागले, मागची चाकं निघाली, यू-बोल्ट सुटले. पिनांनी मात्र दाद दिली नाही. आतल्या नळीत गंजून त्या अशा चिकटल्या होत्या की नट फिरला की पिन फिरायची आणि पिन फिरली की सगळा बुश. मिस्त्रींनी पिनांच्या तोंडावर डिझेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी घण, मग गॅस लावून तापवणं, मग पुन्हा घण. मिस्त्रींच्या तोंडून दर घावामागे एक शब्द निघे. तो इथे छापण्यासारखा नाही. पण बारक्या त्या शब्दावरूनच ओळखायचा की पिन हलली की नाही. पिना निघाल्या, तर बाहेरच्या नळ्या डोळ्यात अडकून राहिल्या. त्या हॅकसॉच्या पात्याने आतून अलगद चिरून, छिन्नीने आत दुमडून काढाव्या लागतात. चिरताना पातं जरा खोल गेलं तर डोळ्यालाच चरा पडतो, आणि पाटा पुढे तिथेच तुटतो. ही सगळी कारागिरी चालू असताना तात्या उशाशी उकिडवे बसून होते. त्यांचं लक्ष बुशाकडे नव्हतंच. ते बाकीच्या गाडीकडे बघत होते.

‘मिस्त्री, चाकं काढलीच आहेत तर ड्रम उघडून लायनर बघून घेऊ.’

बघितले. निम्मे शिल्लक होते. ‘निम्मे म्हणजे गेलेच की,’ तात्या म्हणाले. बदलले.

‘ड्रम उघडलाच आहे तर हबचं ग्रीस.’ भरलं. ‘शॉकअपचे नट सुटलेच आहेत तर शॉकअप.’ आले. ‘खाली शिरलाच आहात तर जॉइंटचा क्रॉस.’ क्रॉस ठणठणीत होता. मिस्त्रींनी तो हाताने हलवून दाखवला, बारक्याने हलवून दाखवला, शेवटी तात्यांना स्वतः हलवायला लावला. तात्यांनी तो बराच वेळ हलवला आणि म्हणाले, ‘आता चांगलाय. पण पुढं-मागं...’

गावातले बाकी लोक गॅरेजवाल्याच्या नावाने बोटं मोडतात की एक काम सांगावं आणि चार कामांचं बिल घ्यावं. आमच्या मिस्त्रींची अवस्था उलटी. ते चार कामं नाकारत होते आणि गिऱ्हाईक हात जोडत होतं. पैसे मिळत होते, पण पुढच्या तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि तात्यांची पिकअप गॅरेजच्या ऐन तोंडाशी बिनचाकांची बसली होती.

मग पाट्यांची पाळी आली. ‘चवड सुटलीच आहे तर एक पाटा वाढवू. माल जास्त बसंल.’ इथे मात्र मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. म्हणाले, ‘तात्या, पाटा वाढवला की गाडी ताठ होती. ताठ झाली म्हणजे धक्का मरत नाय, वर चासीला जातो. एक्सल तेवढाच, ब्रेक तेवढाच, टायर तेवढाच. आन् आरसी बुकातलं वजन काय पाटा टाकून वाढत नाय.’ मिस्त्री वर्षभरात एवढं बोलत नसतील. बारक्या तोंड उघडं टाकून बघत राहिला. तात्या गप्प झाले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे त्यांच्या बोटांकडे पाहिलं की कळत होतं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. भाचा रविवारी जीप घेऊन मुद्दाम चिखलात रुतायला जातो. आपल्याकडे ज्या गोष्टीला नशीब लागतं त्यासाठी ही मंडळी वर्गणी भरतात. तो म्हणाला, ‘मामा, रबर कशाला टाकताय, पॉलियुरेथेनचे टाका, पीयू.’ दुसऱ्या दिवशी तात्या गॅरेजात पीयूचा मंत्र घेऊन हजर. मिस्त्रींना पीयू माहीत होतं. रबरापेक्षा ते कडक, टिकतं जास्त, तेलाला दाद देत नाही. पण धक्का कमी पितं, आणि वेळच्या वेळी त्याचं ग्रीस घातलं नाही तर चुंई-चुंई करतं. ‘आवाज बंद करायला आलात ना?’ मिस्त्रींनी एवढंच विचारलं. तात्यांच्या कानाला हे पटलं. रबरच ठरलं.

रबराचे नवे बुश आले तेव्हा तात्यांनी बारक्याकडून हबग्रीसचा डबा मागून घेतला आणि एकेका बुशाला प्रेमाने माखायला बसले. त्यांच्या डोक्यात जुने ट्रक होते. त्यांच्या पितळी बुशांना आणि पिनांना ग्रीस निप्पल असायचं आणि क्लीनर रोज पंप मारायचा. मिस्त्री खेकसले तेव्हा दोन बुश माखून झाले होते. ग्रीस-तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. असे बुश दाबाने बसवताना फार तर साबणाचं पाणी लावतात. तात्यांनी दोन्ही बुश पुसून घेतले, आणि ‘साबण काढलाच आहे तर’ म्हणून गाडीचा हौदा धुवायला घेतला. हौदा धुताना तळाचा पत्रा कुजलेला दिसला. पत्रा बदलायचा म्हणून वेल्डर आला. वेल्डर आलाच आहे तर मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या. बिजागऱ्या नव्या, मग रंग.

या काळात रानात काय चाललं होतं? २०२३चा जुलै. देशभर टोमॅटो किरकोळीत किलोला शंभरीच्या पार गेला होता. दिल्लीपर्यंतचे पत्रकार आमच्या बाजारात येऊन क्रेटांचे फोटो काढत होते. वीस किलोच्या क्रेटला कधी नव्हे तो भाव होता. रात्री रानात राखण बसत होती. जुन्नर तालुक्यात ज्याच्याकडे तेव्हा लाल टोमॅटो आणि चालती गाडी होती त्याच्या दारात लक्ष्मी स्वतः क्रेट मोजत होती. तात्यांकडे लाल टोमॅटो होता. गाडी घोड्यांवर पोट उघडं टाकून, रंग वाळवत होती.

दर दोन-तीन दिवसांनी तोडा पडे. तात्या शेजाऱ्याची पिकअप भाड्याने घेत, आणि शेजारी त्या दिवसांत भाडं असं सांगे की ऐकणाऱ्याचाच बुश झिजावा. काकूंनी एका तोड्याला फक्त एवढंच म्हटलं, ‘शंभर रुपयाच्या रबरापायी.’ तात्या म्हणाले, ‘अगं, भाडं देतोच आहोत तर दहा क्रेट जास्त पाठवू.’

मिस्त्रींनी शेवटी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्यांनी गॅरेजात मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘काम चालू असताना गिऱ्हाइकाने बाहेर बाकावर बसावे.’ तात्यांनी ती वाचली, पाटी वाकडी असल्याचं सांगितलं आणि सरळ करण्यासाठी खिळे मागितले. दुसरी गोष्ट जास्त चांगली होती. त्यांनी तात्यांना कामाला लावलं.

बुशाच्या कामात एक बारकी खोच आहे आणि घाईचे मिस्त्री तिथेच फसतात. पिनांचे नट गाडी अधांतरी असताना पक्के आवळायचे नसतात. तेव्हा एक्सल खाली लोंबत असतो, पाटा भलत्याच कोनात असतो. त्या कोनात नट आवळला की आतली नळी तिथे जखडते, आणि गाडी चाकांवर उतरली की रबर उभ्या जागीच पीळ खाऊन बसतं. मग रस्त्यावर आणखी पीळ. असे बुश वर्षाच्या आत फाटतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, कंपनी डुप्लिकेट. म्हणून आधी नट नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, तिचं ओझं तिच्या अंगावर पडू द्यायचं, दोन-चार वेळा हालवून बसू द्यायची आणि मगच शेवटचा पाना मारायचा.

‘तात्या, हौद्यात वजन लागंल,’ मिस्त्री म्हणाले. ‘तुम्ही चढा वर. मधोमध बसा. हलायचं नाय. हाललात तर कोन चुकतो.’

खरं सांगायचं तर गाडीचं स्वतःचं वजन पुरेसं होतं. पण मिस्त्रींना गाडीखाली अर्धा तास निवांत हवा होता. तात्या नव्या रंगाच्या हौद्यात, नव्या पत्र्यावर मांडी घालून, श्वाससुद्धा बेताने घेत बसले. येणारे-जाणारे विचारत, ‘काय तात्या, बसलात?’ तात्या डोळ्यांनीच सांगत, बोलू नका, कोन आहे. त्या अर्ध्या तासात सहाही नट आवळले गेले, यू-बोल्ट आडवे-तिडवे क्रमाने बसले आणि सुटलेलं एकूण एक सामान जागेवर गेलं. फक्त मिस्त्रींची लाल टोकाची पहार सापडेना. बारक्याने दोन बोलणी खाल्ली. पिंजून शोधलं, गाडीखाली, डबक्यात, भंगारात. नव्हती.

तात्या हौद्यातून उतरले आणि ‘जरा घरी जाऊन येतो’ म्हणून निघाले. बराच वेळ झाला तरी परतेनात. तेवढ्यात गॅरेजसमोर टोमॅटोचा एक ट्रक येऊन उभा राहिला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, मीच नेऊन सोडतो. पिकअप हायवेवरून गेली, गतिरोधक ओलांडला, कालव्याच्या कडेची खड्ड्यांची वाट धरली. आवाज नाही. काकू अंगणात टोमॅटो निवडत होत्या. पिकअप अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, कारण त्यांना ती आल्याचं कळलंच नाही.

‘कुठं लावू?’ मिस्त्रींनी विचारलं.

काकूंनी हाताने दाखवलं. गाडी लावायची शेड जिथे होती तिथे कमरेएवढा खड्डा होता. पत्रे काढून भिंतीला टेकवलेले, खांब आडवे, वरून पावसाची भुरभुर, आणि खड्ड्यात तात्या, बनियनवर, घोट्याएवढ्या चिखलात.

‘गाडी बाहेर होतीच,’ तात्या खालून म्हणाले, ‘म्हटलं तेवढ्यात तळ उकरून कोबा करून घेऊ. पुढं-मागं करायचाच होता. पण हा मधला दगड काय हलंना बघा.’

मिस्त्रींचं दगडाकडे लक्ष नव्हतं. ते दगडाखाली तिरकी घातलेली, टोकाला लाल रंग फासलेली पहार बघत होते. त्यांनी किल्ली काकूंच्या हातात दिली, म्हणाले, ‘वहिनी, पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायला पाठवा. गाडीच पाठवा. हे नकोत.’ मग पँटचे पाय दुमडले आणि पहार घ्यायला खड्ड्यात उतरले.

तात्यांनी त्यांना जागा करून दिली, दगडाच्या दुसऱ्या बाजूला हात लावला आणि म्हणाले, ‘तुम्ही तिकडनं रेटा.’